गाडी गरम झाली की सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडेना, टाकीतला पंप बदलू का?

जुळेसोलापूरकर:
राम राम मंडळी. घरी २००५ मॉडेलची पेट्रोल गाडी आहे, छोटी हॅचबॅक, चार सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण लिहिलं की निम्मे लोक "ह्यांच्या गाड्या अशाच" म्हणणार, निम्मे "नाय बे, तीच भारी" म्हणणार आणि माझी गाडी तिथंच उभी राहणार. गाडी आबांची आहे, त्यांनी जिवापाड सांभाळलीय, विकायची नाहीये हे आधीच सांगतो.

तर प्रॉब्लेम असा की सकाळी थंड असताना एका सेल्फला चालू होते, एकदम टकाटक, पण एकदा का इंजिन नीट गरम झालं आणि बंद केलं की दहा-पंधरा मिनिटांनी परत सेल्फ मारला तर सेल्फ नुसता फिरतो, चांगला जोरात फिरतो, पण इंजिन पकडतच नाही, एखादा ठोका पण नाही, नुसती घरघर. पाऊण-एक तास तशीच सोडली की काही झालंच नाही अशी चालू. पहिल्यांदा हे तुळजापूरहून येताना झालं, तामलवाडीला चहाला थांबलो, चहा पिऊन बघतो तर गाडी ढिम्म, आणि दर्शन घेऊन आलोय तरी असं कसं म्हणून आई माझ्याकडंच बघायली. चार पोरं आली, ढकलून बघितली, नाय. मग उन्हं उतरल्यावर आपोआप चालू झाली. तेव्हापासून गावात पण तेच चाललंय, नवी पेठेत नाहीतर टिळक चौकात काम उरकून यावं तर गाडी रुसलेली, आणि सध्या दुपारी ४२ च्या वर जातंय तर सावलीत लावायला जागा कुठं मिळतीय.

आतापर्यंत प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलला, बॅटरी पण नवी. शून्य फरक. गॅरेजवाला म्हणतो टाकीतला पंप गेलाय, साडेचार हजार सांगितले, पण त्याच्याकडं नेईपर्यंत थंड झालेली असते, तिथं झटक्यात चालू होते, म्हणजे त्यानं बंद पडलेली गाडी अजून बघितलेलीच नाही. मग पंप कशावरून? बदलू का नको?

पान्हा_बावीस:
नको. आधी उत्तरं द्या.

किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूंऽ आवाज येतो का, आणि गरम असताना पण येतो का? किल्ली ऑनला चेक इंजिनचा दिवा लागतो का? सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का? चालता चालता कधी बंद पडलीय का? प्लगना करंट द्यायला डिस्ट्रिब्युटर आहे की कॉईल पॅक? गॅस किट? किल्लीत चिप आहे का, असेल तर दुसऱ्या किल्लीनं बघितलं का?

आणि ती ढकलायची हौस बंद करा. सेल्फ मस्त फिरतोय म्हणजे इंजिन फिरवायचं काम होतंयच की, ढकलून वेगळं काय होणार. बॅटरी उतरलेली असेल तर धक्का कामाचा. उलट न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, ते प्रकरण पंपापेक्षा महाग पडेल.

कार्बोरेटर_काका:
अहो हे सरळ सरळ वेपर लॉक आहे, त्यात एवढं काय. आमची जुनी कार्बोरेटरवाली गाडी होती तेव्हा अक्कलकोट असो नाहीतर विजापूर, उन्हाळ्यात डिक्कीत पाण्याचा कॅन आणि सुती फडकं असायचंच. गाडी थांबली की बोनेट उघडायचं, फडकं भिजवून पेट्रोल पंपावर टाकायचं, पाच-दहा मिनिटांनी चालू. पेट्रोलची वाफ होते पाईपात, पंप ती ओढू शकत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून बघा पोरांनो, फुकटचा इलाज आहे, साडेचार हजार कशाला घालवता.

जुळेसोलापूरकर:
@पान्हा_बावीस थंड असताना घूं आवाज येतो, गरम असताना लक्षच दिलेलं नाही, गडबडीत डोकं चालत नाही तेव्हा. चेक इंजिनचा दिवा लागतो. काट्याकडं बघितलं नाही. हो, चालता चालता एकदा आसरा चौकात बंद पडली होती, मला वाटलं क्लच लवकर सोडला. कॉईल पॅक आहे, गॅस किट नाही. किल्लीत चिप नाही, साधी किल्ली.

@काका ह्याच्यात पंप टाकीच्या आत आहे, फडकं कुठं टाकू?

वायरमन_अक्कलकोटरोड:
काका तुमचं खरंय, पण ते जुन्या गाडीचं झालं. तुमच्या गाडीत पंप इंजिनला लटकलेला असायचा आणि तिथनं तो टाकीतलं पेट्रोल ओढायचा. ओढताना पाईपात दाब कमी होतो, त्यात इंजिनची धग, मग पेट्रोल तिथंच उकळतंय. एमपीएफआयमध्ये पंप टाकीत बुडालेला असतो आणि तो पेट्रोल पुढं ढकलतो, ३ बारच्या आसपास दाब असतोय लाईनीत. दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. वेपर लॉक अगदीच होत नाही असं नाय, पण पहिलं बोट तिकडं दाखवायचं नाही.

आता भाऊ तुमचं. मी ह्या लाईनीत लई वर्षं आहे, एक गोष्ट सांगतो, थंड गाडी गॅरेजात नेऊन हा फॉल्ट कुणाच्या बापाला सापडणार नाही. जिथं बंद पडली तिथंच, पडलेली असतानाच बघायचं, आणि बघायचं एवढंच की करंट येईना की पेट्रोल येईना. दोन्हीपैकी काय गेलंय हे कळल्याशिवाय एक रुपयाचा पार्ट घ्यायचा नाही. तुम्ही प्लग, फिल्टर, बॅटरी सगळं घालून बसलाय, गाडी हाय तशीच.

कसं बघायचं ते लिहितो. एक जादा प्लग आणि प्लगचा पाना गाडीतच ठेवा. गाडी पकडेना झाली की एका सिलिंडरची वायर काढा, जादा प्लग त्या वायरीत खोचा, आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवा. हातानं धरायचा नाही हां, वीस-तीस हजार व्होल्टचा झटका असतोय, जंपर केबलच्या चिमट्यानं इंजिनला पकडून ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी सगळं वाळू द्या. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला लावा. निळा, कडक आवाजाचा स्पार्क पडला पाहिजे. पिवळट, मरतुकडा किंवा काहीच नाही, तर करंटच्या बाजूला दुखणं आहे, पंपाचं नाव काढायचं नाही.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा, नाहीतर सेल्फची मोटर तापून तेच एक नवीन काम निघंल.

स्पार्क चांगला असेल तर मग इंजिनातला एक प्लग काढून बघा. कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल येईना, ओला नि वास मारत असेल तर पेट्रोल जास्त व्हायलंय.

आता माझा अंदाज. गरम झाल्यावर जातंय, थंड झाल्यावर येतंय, आणि आसरा चौकात चालता चालता पण बंद पडली म्हणालात, ते क्लचचं वाटत नाही मला. क्रँक सेन्सर बघा. इंजिनबरोबर एक दात्यांचं चाक फिरत असतं, हा सेन्सर त्याच्याकडं तोंड करून बसलेला असतो, दाता समोरनं गेला की बारीक सिग्नल देतो. इंजिन फिरतंय का आणि पिस्टन कुठं आलाय हे ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, त्याच्यावरनं कळतं. सिग्नल गेला तर ईसीएमच्या लेखी इंजिन उभंच आहे, मग तो करंट पण देत नाही आणि इंजेक्टर पण उघडत नाही. बऱ्याच गाड्यांत ह्याच्या आत केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, वीस वर्षं इंजिनच्या धगीला बसून ती कुठंतरी तडकते, गरम झाली की तुटलेली टोकं लांब होतात, थंड झाली की परत टेकतात. म्हणून तुम्हाला तासाभरानं गाडी आपोआप बरी झाल्यासारखी वाटती.

आणि तुमचा गॅरेजवाला पंप का म्हणाला असंल ते पण सांगतो. क्रँकचा सिग्नल नसला तर किल्ली ऑनला पंप दोन सेकंद चालतो आणि गप्प होतो, सेल्फ मारताना ईसीएम पंपाला सप्लाय देतच नाही. आता सेल्फ मारत मारत कुणी पेट्रोल बघितलं तर मिळणार नाही, मग सगळे म्हणणार पंप गेला. पंप बिचारा ऑर्डरची वाट बघत बसलेला असतोय.

कार्बोरेटर_काका:
बरं बाबा, हरलो. पण फडक्याला शिव्या देऊ नका.

वायरमन_अक्कलकोटरोड:
काका फडकं टाकून देऊ नका, लागणार आहे. सेन्सरची जागा सापडली की गाडी बंद पडलेली असताना पिळून घेतलेलं ओलं फडकं त्या सेन्सरवर पाच मिनिटं ठेवायचं. बाकी इंजिन गरमच आहे आणि फक्त सेन्सर गार केल्यावर गाडी चालू झाली तर आणखी पुरावा नको. पाणी ओतायचं नाही, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला फडकं लागू द्यायचं नाही, तो भाग तडकू शकतो आणि वाफेनं हात पण भाजतो.

मल्टीमीटर असेल तर दोन पिनांच्या सेन्सरचा रेझिस्टन्स गरम नि थंड दोन्ही वेळा बघा. थंड असताना काहीतरी आकडा येतो, शंभरात किंवा हजाराच्या आसपास, गाडीगाडीला वेगळा. गरम असताना मीटरनं ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली, दाखवलं की विषय संपला. तीन पिनांचा असेल तर तो हॉल टाईपचा असतो, त्याला असं मोजून काही कळत नाही, तिथं फडकंच बरं.

मेकॅनिकल_बाई:
वायरमनदादांनी छान लिहिलंय, एकच गोष्ट जोडते, कारण क्रँक सेन्सर क्रँक सेन्सर करत सगळे त्याच्याच मागं लागतात आणि दुसरा एक सेन्सर हुबेहूब असाच त्रास देतो, कूलंट टेंपरेचरचा. ईसीएम त्याच्यावरून ठरवतो पेट्रोल किती सोडायचं. इंजिन थंड असेल तर जास्त, गरम असेल तर कमी. तो सेन्सर बिघडला आणि तापलेल्या इंजिनाला थंड सांगायला लागला तर ईसीएम भसाभस पेट्रोल ओततो, प्लग भिजतात, गाडी पकडत नाही. थोड्या वेळानं पेट्रोल उडून गेलं की चालू. म्हणजे वरून बघितलं तर तुमच्यासारखंच.

फरक प्लगवर दिसतो, हा प्रकार असेल तर प्लग ओले असतील आणि स्पार्क मात्र येत असेल. अजून एक सोपं आहे, अॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत पाय पूर्ण दाबलेला असताना सेल्फ मारला की ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो, आतलं जादा पेट्रोल बाहेर निघतं. असं करून गाडी खोकत खोकत चालू झाली, काळा धूर आला, तर कूलंट सेन्सर किंवा गळणारा इंजेक्टर बघा. सेन्सर मोजायचा असेल तर साधारण २० अंशाला दोन-अडीच हजार ओम आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास अशी चाल असते, गरम होईल तसा रेझिस्टन्स कमी होत जातो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

स्कॅनर लावायला कुणी सांगेल, लावा, पण २००५ च्या गाडीकडून फार अपेक्षा नको. आपल्याकडं ओबीडी (गाडीनं आपला बिघाड स्वतः ओळखून नोंदवायची सोय) सक्तीचं झालं एप्रिल २०१० पासून आणि त्याचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत कंपनीनं आपापलं काहीतरी दिलेलं असतं, ऑनलाईन मिळणारं स्वस्तातलं ब्ल्यूटूथवालं यंत्र बऱ्याचदा बोलतच नाही तिच्याशी. गॅरेजचा चांगला स्कॅनर असेल तर सेल्फ मारताना लाईव्ह डेटात आरपीएम किती दिसतो ते बघायला सांगा. सेल्फ मारताना शंभर-दोनशेच्या पुढं काहीतरी दिसलं पाहिजे. शून्य दिसला तर दादांचं बरोबर.

पुण्यात_नोकरी:
एवढा उपद्व्याप कशासाठी? २० वर्षांची गाडी आहे. १५ वर्षांनंतरच्या पासिंगची फी एप्रिल २०२२ लाच ६०० ची ५००० झाली होती, त्यात हे इथेनॉलचं पेट्रोल, जुन्या गाड्यांची रबरं खाऊन टाकतंय. मी माझी जुनी विकून टाकली, सुटलो. माझ्या मते तुमचा प्रॉब्लेम ई-२० चाच, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचाच आहे, सगळे सेन्सर सेन्सर करत बसलेत.

वायरमन_अक्कलकोटरोड:
त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय विकायची नाही. वाचून लिहा की राव.

इथेनॉलचं पूर्ण खोटं नाही. जुन्या रबरी पाईपा फुगतात, कडक होतात, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवली तर ते हवेतलं पाणी ओढतं. दोन-तीन गाड्यांचे फिल्टर माझ्या हातनं तसे गेलेत. पण फिल्टर तुंबला असेल तर गाडी चढाला ओढणार नाही, वेगात धापा टाकंल. ह्यांची गाडी सकाळी टकाटक आहे आणि दुपारी पूर्ण मेलेली. आणि इथेनॉल करणारे साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात भरलेत, जरा जपून शिव्या द्या.

पान्हा_बावीस:
एक राहिलं. टाकीत पेट्रोल किती असतं? आपल्याकडं दोनशेचं टाका म्हणायची सवय आहे, काटा कायम लाल खुणेवर. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवली तर उन्हाळ्यात पंप खरंच तापून मरतो, आणि तो पण गरम झाल्यावरच बंद पडतो, थंड झाल्यावर चालतो. त्यामुळं पंपाला पूर्ण क्लीन चिट देऊ नका. गरम असताना घूं आवाज नाही आला, तर कुणाला तरी सेल्फ मारायला लावून टाकीच्या बुडाला रबरी हातोड्यानं हळू दोन ठोके द्या. ठोक्यासरशी चालू झाली तर पंपाच्या मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे तुकडे) संपलेत.

जुळेसोलापूरकर:
टाकी निम्मी असते नेहमी, आबांचा नियम आहे. ठीक आहे, जादा प्लग घेतो, मीटर चुलतभावाकडं आहे. आता बंद पडायची वाट बघतो, पहिल्यांदाच असं वाटतंय की पडावी.

मेकॅनिकल_बाई:
वाट कशाला बघताय, दुपारी मुद्दाम तापवा आणि घरासमोर आणून बंद करा. रस्त्यावर ट्रकच्या मध्ये बोनेट उघडून उभं राहण्यापेक्षा बरं.

जुळेसोलापूरकर:
अपडेट देतो, जरा लांबडं आहे.

ताईंनी सांगितलं तसं भर दुपारी चुलतभावाला घेऊन अक्कलकोट रोडनं कुंभारीपर्यंत जाऊन आलो, एसी चालू ठेवून, म्हणजे चांगली तापावी. घरासमोर आणून बंद केली, बोनेट मुद्दाम झाकूनच ठेवलं, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, पकडली! पहिल्यांदाच गाडी चालू झाल्याचं वाईट वाटलं. परत एक चक्कर विजापूर रोडला, परत बंद केली, ह्या वेळी मात्र बरोब्बर रुसली.

मग एकेक बघितलं. किल्ली ऑनला चेक इंजिनचा दिवा लागला. मागची सीट उचलून कान लावला तर घूं आवाज स्पष्ट, दोन सेकंद, आणि बंद. सेल्फ मारताना आवाज नाही, अगदी वायरमनदादांनी लिहिलं तसंच. आरपीएमचा काटा शून्यावर चिकटलेला, जरासुद्धा हलला नाही. जादा प्लग लावला, भावानं सेल्फ मारला, स्पार्क नाही. वायर बदलून दुसऱ्या सिलिंडरला बघितलं, तिथं पण नाही. म्हणजे एकाच कॉईलचा वगैरे विषय नाही. इंजिनातला प्लग काढून बघितला तर कोरडा. पाय दाबून सेल्फ मारायचं पण करून बघितलं, काही नाही, धूर नाही, खोकला नाही.

सेन्सरची जागा शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलाय तिथं खाली अडचणीत बसलाय, वरून दिसतच नाही, मोबाईलचा टॉर्च धरून भाऊ निम्मा बोनेटमध्ये. काकांचं फडकं तिथपर्यंत पोचवायला एका लांब स्क्रूड्रायव्हरनं ढकलावं लागलं. पाच-सात मिनिटं ठेवलं. सेल्फ मारला आणि पहिल्या झटक्यात चालू!! आबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते, म्हणाले कुणाला विचारलंस हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सर काढून घरातच मीटर लावला, दोन पिनांचा आहे, साडेआठशे ओमच्या आसपास आला. मग बहिणीचा हेअर ड्रायर लावून गरम करत राहिलो, आकडा जरा जरा वाढत गेला आणि एका क्षणी मीटरनं ओपन दाखवलं. थंड झाला की परत आकडा. भाऊ तर व्हिडिओच काढायला लागला.

नवीन सेन्सर पार्टच्या दुकानात जुना दाखवून आणला, पंपाच्या एक-चतुर्थांश पण पडला नाही. बसवायला मात्र त्याच गॅरेजवाल्याकडं गेलो, माणूस वाईट नाहीये, व्हिडिओ बघितल्यावर म्हणाला माझ्याकडं थंडच यायची, मी काय करणार. त्यानंच कनेक्टरच्या वायरी दाखवल्या, त्यांचं वरचं आवरण मॅनिफोल्डच्या धगीनं कडक होऊन पापडासारखं तुटत होतं, त्या पण कापून नवीन जोडल्या आणि वरून उष्णता लागू नये म्हणून स्लीव्ह घातली. मधली पत्र्याची झाकण कधीतरी काढून कुणीतरी परत लावलीच नव्हती, ती तेवढी मिळेना, तो बघतो म्हणालाय.

त्यानंतर बार्शीला जाऊन आलो दुपारच्या उन्हात, वैरागला मुद्दाम थांबून दोनदा बंद-चालू केली. काही नाही. सगळ्यांचे आभार, काकांचे पण.

वायरमन_अक्कलकोटरोड:
वा. ती पत्र्याची झाकण लावाच, विसरू नका, नाहीतर नवा सेन्सर पण लवकरच तिकडं जाईल. आणि जुना सेन्सर गाडीत ठेवा, फेकू नका, थंड असताना चालतोय ना, अडीअडचणीला घरापर्यंत आणंल.

कार्बोरेटर_काका:
फडकं जिंकलं.

शेळगीकर:
चांगला विषय चाललाय तर विचारून घेतो. मामांची गाडी पावसाळ्यापासून बार्शी रोडला शेतातल्या शेडमध्ये उभी होती, आता बॅटरी चार्ज करून लावली, सेल्फ फिरतो पण पकडत नाही. आमची तर थंडच पकडेना. किल्ली ऑनला पंपाचा आवाज अजिबात नाही. शेडमध्ये ज्वारीची पोती असतात.

वायरमन_अक्कलकोटरोड:
ज्वारीची पोती म्हणजे उंदीर. आधी बोनेट उघडून आणि मागच्या सीटखाली वायरी कुरतडल्यात का बघा, लेंड्या दिसल्या तर तिथंच शोधा. मग पंपाचा फ्यूज. फ्यूज चांगला असेल तर रिले, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा नि पंपाचा रिले एकच नंबरचा असतो, नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा. तरी गप्प असेल तर पंपाच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावा आणि दुसऱ्याला किल्ली ऑन करायला सांगा, दोन सेकंदच लागणार, नजर हटवू नका. लॅम्प लागला नाही तर वायरिंग किंवा अर्थिंग. लॅम्प लागला आणि पंप गप्प, तर पंप अडकलाय, आधी खालनं दोन ठोके देऊन बघा. तेवढे महिने उभी आहे तर पेट्रोल पण जुनं झालंय, वास घेऊन बघा, वार्निशसारखा आंबट वास आला तर पंप चालू करायच्या आधी टाकी रिकामी करा.

शेळगीकर:
लेंड्या आहेत, भरपूर. उद्या टेस्ट लॅम्प घेऊन जातो.